तुलनेचं गाव

बोरदरा हे गाव पाथर्डी तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी आहे. गावात दोनशे बारा उंबरे, एक शाळा, एक मारुती आणि पाणी शुद्ध करणारं एक कोरं करकरीत यंत्र होतं. यंत्र ग्रामपंचायतीच्या ओसरीत उभं होतं. त्याला वीज जोडलेली होती, नळ जोडलेला होता, वरून झेंडूचा हारही घातलेला होता. ते चालू करायला फक्त एक बटण दाबावं लागणार होतं. ते बटण कोणी दाबू नये, ही जबाबदारी विद्यापीठाने माझ्यावर सोपवली होती, आणि ती मी चौदा महिने चोख पार पाडली, हे सुरुवातीलाच नम्रपणे नमूद करतो.

माझं नाव कल्याण. नगरच्या एका महाविद्यालयात मी भूगोल शिकवतो आणि केडगावला राहतो. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण एसटीच्या कंडक्टरप्रमाणे माझ्याही तोंडात अजून नगरच बसलेलं आहे. मला बढतीसाठी संशोधनाचे थोडे गुण कमी पडत होते. त्याच सुमारास विद्यापीठाच्या एका केंद्राने ‘पर्यावरण, आरोग्य आणि विस्थापन’ या विषयावर तीन वर्षांचा अभ्यास हाती घेतला, आणि केंद्राच्या संचालक डॉ. राजेश्वरी मॅडम यांनी मला क्षेत्र समन्वयक नेमलं. मॅडम पुण्याच्या, अतिशय सज्जन बाई. त्यांनी आयुष्यात कोणाला दुखावलं नाही. गावांचा त्यांनी फक्त अभ्यास केला.

क्षेत्र म्हणजे दोन गावं, बोरदरा आणि ओढ्यापलीकडचं करंजदरा. दोन्हीकडच्या हातपंपाच्या पाण्यात फ्लोराईड आहे. हे पाणी वर्षानुवर्षं प्यालं की दातांवर डाग पडतात, गुडघे आखडतात आणि वाढत्या मुलांच्या पायांची हाडं वाकतात. एका दानशूर कंपनीने दोन यंत्रं आगाऊच पाठवून दिली होती. दोन गावं, दोन यंत्रं. खरं तर ही गोष्ट इथंच संपायला हवी होती. पण जिच्यातून निष्कर्ष निघत नाही, तिला विद्यापीठात गोष्ट मानत नाहीत.

पहिल्या सर्वेक्षणाला पुण्याहून मॅडम, अठरा विद्यार्थी आणि दोन पाहुणे प्राध्यापक निघाले. पाहुण्या प्राध्यापकांना नगर जिल्हा म्हटलं की राळेगणसिद्धी आठवतं. गाडी आत वळली, बंधारे पाहून झाले, बंधाऱ्यांसोबत फोटो झाले, सुप्याला जेवणं झाली, आणि सकाळी दहाला बोरदऱ्यात पोचायचं पथक दुपारी साडेचारला पोचलं. गाव सकाळपासून मारुतीच्या देवळापुढं सतरंज्या अंथरून बसलं होतं. पथक दिसल्यावर चुलीवर चहाचं मोठं पातेलं चढलं.

आता आमच्या भागातली रीत सांगायला हवी. पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा, मग बोलणं. चहाच्या आधी ‘बरं हाय का’ एवढंच विचारायचं आणि ‘बरं हाय’ एवढंच म्हणायचं. घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असलं तरी बरंच असतं. आल्या आल्या पाहुण्यापुढं रडगाणं लावणं म्हणजे त्याला उंबऱ्यातूनच परत पाठवणं. कपबशी खाली ठेवली, तोंड पुसलं, की मग दुखणीखुपणी, भावकी, बांध, सगळं निघतं. मी याच भागात वाढलो, मला हे पक्कं ठाऊक होतं. पण मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, “चहा नंतर घेऊ, आधी डेटा घेऊ.” आणि मी मान हलवली.

अठरा विद्यार्थी अठरा मोबाईल काढून अठरा ठिकाणी बसले. माझ्याजवळ बसलेल्या मुलापुढं लंकाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई होत्या. देवळाची एक पायरी चढायला त्यांना दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवावे लागले होते.

“आजी, गुडघे दुखतात का?”

“न्हाई बाळा, बरं हाय.”

“सकाळी उठताना सांधे आखडतात?”

“बरं हाय.”

“पिण्याचं पाणी कसं आहे?”

“बरं हाय की. तू पी की वाईच.”

मुलाने घाईघाईने आपली बाटली दाखवली आणि पुढचा प्रश्न विचारला, “घरातल्या लहान मुलांना काही त्रास?”

लंकाबाईंनी पातेल्याकडे पाहिलं. अजून उकळी आलेली नव्हती. “न्हाई,” त्या म्हणाल्या, “समदं बरं हाय.”

दीड तासात दोनशे बारा घरं बरी झाली. मग चहा आला. सगळ्यांनी तो बशीत ओतून शांतपणे घेतला. लंकाबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि पोराच्या जवळ सरकल्या.

“हां, आता लिव्ह. गुडगं तर माझं दोन वर्सं झाली…”

“आजी, फॉर्म सबमिट झाला.”

“मंग दुसरा काढ.”

“दुसरा निघत नाही. एका माणसाला एकच.”

“आरं पन मगाशी तर चहा व्हायचा हुता!” लंकाबाई म्हणाल्या. त्या मुलाला या वाक्याचा अर्थ लागला नाही. मला लागला. पण गाडी चालू झाली होती.

पथकाने त्या दिवशी करंजदऱ्याच्या शाळेत मुक्काम केला. त्यामुळे करंजदऱ्यात सकाळी उठल्या उठल्या चहा झाला, पोहे झाले, पुन्हा चहा झाला, आणि मग सर्वेक्षण झालं. शंभरातल्या चौऱ्याण्णव माणसांचे गुडघे दुखत होते. उरलेल्या सहांची कंबर.

आठवड्याने निकाल आला. करंजदरा बाधित, बोरदरा निरोगी. लगेच मॅडमचा फोन आला.

“कल्याण, एकच ओढा, एकच खडक, एकच पाणी, आणि एक गाव आजारी, एक ठणठणीत! हे फार मोठं आहे.”

मी चहाचं सांगायला तोंड उघडलं. मॅडम म्हणाल्या, “तुमचं नाव शोधनिबंधात दुसरं घालते आहे.” मी तोंड मिटलं.

करंजदऱ्याचं यंत्र त्याच आठवड्यात चालू झालं. बोरदरा हे तुलनेचं गाव ठरलं. तुलनेच्या गावाला काही द्यायचं नसतं. दिलं तर तुलना कशाशी करणार? पण यंत्र तर येऊन पडलं होतं आणि ते परत पाठवण्याची नियमात तरतूद नव्हती. म्हणून त्याला प्लास्टिक गुंडाळून, बटणावर कागदी पट्टी चिकटवून, पट्टीवर शिक्का मारून तीन वर्षं थांबायचं ठरलं. पट्टीवर सही माझी होती. झेंडूचा हार सरपंच कानिफनाथ यांनी घातला, कारण नवीन वस्तूला हार नाही घातला तर बरं दिसत नाही.

“तुमचं गाव आमच्यासाठी फार मोलाचं आहे,” मी त्यांना म्हणालो.

“मोलाचं हाय तर चालू करा की, सर.”

“मोलाचं आहे म्हणूनच तर करता येत नाही.”

कानिफनाथांनी यंत्रावरचा हार सरळ केला. “बघायला लई झ्याक हाय,” ते म्हणाले.

महिनाभराने लंकाबाई थेट महाविद्यालयात आल्या. सोबत सात वर्षांची नात होती, निकिता. तिचे आईवडील, म्हणजे लंकाबाईंचा मुलगा भीमा आणि सून रुपाली, दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जात. पोरीची शाळा बुडू नये म्हणून ती आजीजवळ राहायची. लंकाबाईंनी पोरीला म्हटलं, “दाव सरांना.” निकिताने दात दाखवले. पुढच्या चारही दातांवर तपकिरी रेघा होत्या. मग लंकाबाईंनी तिला पाय जवळ घेऊन उभं राहायला सांगितलं. घोटे टेकले, पण गुडघे टेकेनात. मधून माझी मूठ गेली असती.

“साळंत जाताना दोनदा बसती वाटंत,” लंकाबाई म्हणाल्या. “पाथर्डीच्या डाक्टरनं सांगितलं, दवा काय न्हाई, पानी बदला. आत्ता बदललं तर पाय सरळ हुत्याल. हाडं एकदा तशीच पक्की झाली मंग आयुष्यभराचं. किती टाईम हाय म्हनलं, तर म्हनला वरीसभर लई झालं. आन् तुमचं मशीन तीन वर्सांनी चालू हुनार. सर, मला हिसेब येत न्हाई, पर येवढा येतो.”

मला गलबलून आलं. हे मी खोटं सांगत नाही. मी निकिताला बिस्किटाचा पुडा दिला आणि त्या दोघींना स्टँडवर सोडून तत्काळ मॅडमना फोन लावला. तुलनेच्या गावात आजार सापडला आहे, असं सांगितलं.

“उत्तम,” मॅडम म्हणाल्या.

“उत्तम?”

“तुलनेचं गाव आजारी निघालं तर तुलना अधिक अचूक होते. शिवाय आपण काही वाईट करत नाही आहोत, कल्याण. वाईट पाणी करतं आहे. आपण फक्त चांगलं करायचं थांबलो आहोत.” मग त्या म्हणाल्या, “मुलीचे पाय दर तीन महिन्यांनी मोजत चला. नाव लिहू नका, तिच्या खाजगीपणाचा प्रश्न आहे.” अशा रीतीने निकिताचा खाजगीपणा जपला गेला आणि ती प्रतिसादक क्रमांक सत्तेचाळीस झाली.

लंकाबाई स्वस्थ बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या रोज सकाळी कळशी घेऊन ओढा उतरायच्या, पलीकडे चढायच्या आणि करंजदऱ्याच्या यंत्रावरून निकितापुरतं पाणी आणायच्या. जायला पाऊण तास, यायला तास. त्यांचं पाहून आणखी नऊ बायका जाऊ लागल्या. तीन महिन्यांनी मी पाय मोजले तेव्हा निकिताच्या गुडघ्यांमधलं अंतर वाढायचं थांबलं होतं. मी आनंदाने तसा अहवाल पाठवला. हीच माझी चूक झाली.

“डेटा गळतो आहे,” मॅडमनी कळवलं. “बाधित गावाचं पाणी तुलनेच्या गावात जाता कामा नये. नमुना दूषित होतो.” गढूळ पाण्याने माणूस दूषित झाला तर त्याला औषध असतं, पण स्वच्छ पाण्याने नमुना दूषित झाला तर निधीच परत जातो. करंजदऱ्याच्या यंत्रावर प्रकल्पातर्फे पहारेकरी नेमण्यात आला. गोरक्ष नावाचा त्याच गावचा माणूस. गावकऱ्यांना फोटोची ओळखपत्रं देण्यात आली. पहिल्या दिवशी मी हजर होतो.

“मावशी, कार्ड दावा,” गोरक्ष जमिनीकडे बघत म्हणाला.

“तुझ्या बारशाला घुगऱ्या वाटल्यात म्या,” लंकाबाई म्हणाल्या. “मला कार्ड मागतो व्हय रं?”

“मी न्हाई मागत, मावशी. इद्यापीठ मागतंय.”

“बोलीव त्याला.”

गोरक्षने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. गोरक्षने कळशी भरून दिली आणि वहीत प्रामाणिकपणे ‘एक कळशी, मावशी, कार्ड नाही’ असं लिहून ठेवलं. त्या नोंदीवरून त्याला कामावरून काढण्यात आलं आणि तिथं कॅमेरा बसवण्यात आला. कॅमेऱ्याच्या बारशाला कोणी घुगऱ्या वाटलेल्या नसल्यामुळे पाणी बंद झालं. पुढच्या मोजणीला निकिताचे गुडघे आणखी बोटभर लांब गेले होते. नमुना पूर्ववत झाल्याबद्दल मला प्रशस्तिपत्र आलं.

तोपर्यंत अभ्यासातला ‘विस्थापन’ हा शब्द रिकामाच होता. तो गावाने आपणहून भरला. दसरा झाला आणि बोरदऱ्यातली नव्वद कुटुंबं टेम्पोत बसून ऊसतोडीला निघून गेली. पाच महिन्यांनी परतली तेव्हा आम्ही त्यांची तपासणी केली. निकाल चक्रावून टाकणारा होता. मोळ्या उचलून आलेल्या, पाचटात झोपून आलेल्या माणसांचे गुडघे घरी बसलेल्या माणसांपेक्षा बरे होते. भीमाला मी कारण विचारलं. तो म्हणाला, “सर, तिकडं नदीचं पानी हुतं प्यायला.”

मी हे कारण अहवालात लिहिलं. मॅडमनी ते खोडलं. एकट्या माणसाचं म्हणणं हा पुरावा नव्हे. त्यांनी स्वतः आकडे तपासले आणि निष्कर्ष काढला, की विस्थापन आरोग्याला हितकारक आहे. जितकं जास्त विस्थापन, तितके चांगले गुडघे. पाच महिन्यांचं हंगामी विस्थापन बारा महिन्यांपर्यंत वाढवावं, अशी शिफारस मसुद्यात आली. असं केल्याने गावही रिकामं होणार होतं, आणि रिकाम्या गावाचं पर्यावरण सुधारतं हे तर पूर्वीच सिद्ध झालेलं आहे. तिन्ही विषय एकाच फटक्यात मार्गी लागले.

हा शोध जगापुढं मांडण्यासाठी नगरला तीन दिवसांची व्याख्यानमाला ठरली. थंडगार सभागृह, तीनशे अठरा श्रोते. प्राध्यापक होते, डॉक्टर होते, पर्यावरणप्रेमी होते, प्रमाणपत्रासाठी आलेले विद्यार्थी होते. पाहुण्यांचं स्वागत हार न देता रोपं देऊन झालं; रोपं प्लास्टिकच्या पिशव्यांत होती. प्रत्येकाच्या खुर्चीवर ‘पाणी हेच जीवन’ असं छापलेली कापडी पिशवी आणि पाण्याची सीलबंद बाटली होती. शेवटच्या दिवशी मॅडमचं व्याख्यान आणि त्यानंतर ‘अनुभवकथन : पाच मिनिटं’. अनुभव म्हणून लंकाबाईंना आणलं होतं. मीच आणलं होतं. मॅडमनी पडद्यावर चाळीस चित्रं दाखवली. एका चित्रात निकिताचे पाय होते, घोट्यापासून मांडीपर्यंत. चेहरा कापलेला होता.

लंकाबाई माईकपाशी गेल्या. आधी त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला.

“तुमी लई शिकल्याली मानसं,” त्या म्हणाल्या. “त्या मघाच्या फोटूतले पाय माझ्या नातीचे हायेत. मी वळखले. आमच्या गावात मशीन हाय. लाईट हाय. नळ हाय. पोरगी हाय. आन् मधी ह्या बाई हायेत. मला येवढंच इचारायचं हाय, बटन कवा दाबू?”

सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेतल्या एक डॉक्टरीणबाई डोळे पुसत होत्या. लंकाबाई हात जोडून वाट बघत होत्या. टाळ्या ओसरल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, “तर मंग, दाबू का?”

“प्रश्नोत्तरं चहानंतर,” सूत्रसंचालक म्हणाले.

चहानंतर प्रश्न आले. एकाने विचारलं, की ही अभिव्यक्ती लोकसाहित्य मानायची का. एका तरुणाने विचारलं, की अशा गावात शनिवार-रविवार मुक्कामाची सोय होते का, कारण त्याच्या गटाला जायची इच्छा आहे. डॉक्टरीणबाई उठल्या. मला वाटलं, आता काहीतरी होणार. त्यांनी लंकाबाईंना जवळ घेऊन फोटो काढला आणि त्या म्हणाल्या, “तुम्ही किती खंबीर आहात!”

बटणाचं कोणीच काढलं नाही.

सभागृह रिकामं झालं तेव्हा मी वायरी गुंडाळत होतो. लंकाबाई खुर्च्यांच्या रांगांतून फिरत होत्या. श्रोत्यांनी बाटल्या दोन-दोन घोट पिऊन तशाच टाकल्या होत्या, काही खुर्चीखाली, काही खिडकीत, काही तर फोडल्याही नव्हत्या. लंकाबाई प्रत्येक बाटलीचं झाकण घट्ट लावून ती कापडी पिशवीत ठेवत होत्या. एक पिशवी भरली, दुसरी भरली. चालताना त्या खुर्चीच्या पाठीला धरत होत्या.

मॅडम दारातून वळून आत आल्या. “आजी, हे पाणी कुठं नेताय?”

“नातीला.”

मॅडमचा चेहरा खरोखर दुःखी झाला. त्यांनी मला बाजूला घेतलं. “कल्याण, ही गळती आहे. सत्तेचाळीस क्रमांकाची दहा दिवसांची नोंद बिघडेल. मला तिच्याबद्दल तुमच्याइतकंच वाटतं. पण शास्त्राला नात नसते.” आणि त्या गाडीकडे गेल्या.

मी लंकाबाईंजवळ गेलो. मला लाज वाटत होती. मान वर होत नव्हती, इतकी लाज वाटत होती. आणि तरी मी पिशव्या मागितल्या. त्यांनी पिशव्या सोडल्या नाहीत, ओढल्याही नाहीत. नुसतं विचारलं, “सर, तुमाला लेकरं हायती?”

“एक मुलगी आहे.”

“तिला कुठलं पानी पाजता?”

“आमच्याकडं केडगावला… घरात मशीन आहे.”

“चालू?”

“हो.”

लंकाबाईंनी पिशव्या माझ्या हातात दिल्या. मी त्या घेतल्या. मॅडमच्या सूचनेनुसार बाटल्यांतलं पाणी स्वागताच्या रोपांना घालण्यात आलं आणि त्याचा फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर आहे. लंकाबाई संध्याकाळच्या पाथर्डी गाडीने गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला कानिफनाथांचा फोन आला.

“सर, मशीन चालू झालं.”

“कोणी केलं?”

“लंकाआत्यानी. सकाळी आल्या, इळ्यानं पिलॅस्टिक कापलं, तुमची सहीची पट्टी फाडली आन् दाबलं बटन. गाव समदं लाईनीत हुबं हाय हंड्यं घिऊन.”

“तुम्ही अडवलं नाही?”

“अडवायला गेल्तो की. त्या म्हनल्या, काल तीनशे शिकल्याल्या मानसांस्नी इचारलं, दाबू का म्हनून. कुनीच नगं म्हनलं न्हाई.” मग त्यांनी निर्वाळा दिला, “ही रीतसर परवानगीच झाली की, सर.”

तातडीने समिती बसली. एका सदस्याने सुचवलं, की यंत्र बंद करून नवीन पट्टी लावावी. पण आकडेशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले, की एकदा चांगलं पाणी प्यालेला माणूस पुन्हा पहिल्यासारखा नमुना राहत नाही. अखेर बोरदरा हे गाव ‘सहनशीलतेअभावी अपात्र’ ठरवून अभ्यासातून वगळण्यात आलं. वगळल्यामुळे आता ते यंत्र बंद करण्याचा अधिकार कोणालाच उरला नाही. निकिता हल्ली वाटेत न बसता शाळेत जाते आणि पाथर्डीचे डॉक्टर म्हणतात पाय सुधारतील, असं कानिफनाथ सांगतात. ही माहिती अभ्यासाबाहेरची असल्याने तिची नोंद कुठेही झालेली नाही. माझी बढती अर्थातच राहिली. त्याचं मला वाईट वाटतं, आणि वाईट वाटतं याचीही थोडी लाज वाटते.

पण अभ्यास थांबवता येत नाही. निधी दोन वर्षांचा बाकी आहे. नवीन तुलना-गट शोधणं भाग होतं. या वेळी समितीने पात्रता आधीच लिहून काढली. ज्यांना अपाय नेमका ठाऊक आहे, उपाय ज्यांच्या हाताशी आहे, आणि तरीही जे जागचे हलत नाहीत, असे लोक हवेत. मी पाच गावं पालथी घातली. अशी माणसं मिळेनात. कळल्यावर कोणी भांडत होतं, कोणी मोर्चा नेत होतं, एका गावात तर बायकांनी तहसीलदारांची जीप अडवली. सगळी गावं अपात्र.

तेव्हा मॅडमनी व्याख्यानमालेची हजेरीवही मागवली. तीनशे अठरा सह्या.

“यांच्यापैकी कोणाचा त्या यंत्राबद्दल फोन आला होता?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“पत्र?”

“नाही.”

“त्या मुलीचं पुढं काय झालं, असं कोणी विचारलं?”

“एकाने विचारलं, प्रमाणपत्र कधी मिळेल.”

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. इतका निर्दोष गट त्यांना तीस वर्षांच्या संशोधनात मिळाला नव्हता.

तीनशे अठरा ही संख्या मात्र अपुरी आहे, असं आकडेशास्त्राच्या प्राध्यापकांचं मत पडलं. सुशिक्षित, हळवे, पुस्तकं-मासिकं वाचणारे आणखी काही हजार लोक हवेत. म्हणून हा सगळा प्रकार सोप्या मराठीत, थोडं हसू येईल असा, कथारूपाने लिहून प्रसिद्ध करावा, असा ठराव झाला आणि ते काम माझ्याकडे आलं. त्याप्रमाणे मी ते केलं आहे.

आपण इथपर्यंत वाचलंत, याबद्दल केंद्र आपलं आभारी आहे. बाटल्यांच्या प्रसंगी आपल्याला वाईट वाटलं असेल. ते अपेक्षित आहे, त्यासाठी वेगळा रकाना आहे. आपल्या आसपासचं एखादं न दाबलेलं बटण आपल्याला आठवलं असेल, तर त्याचीही नोंद घेतलेली आहे. आपल्याला कोणताही फॉर्म भरायचा नाही, कुठं सही करायची नाही. जसे बसला आहात, तसेच बसून राहा.